पान न गळणारं जंगल

१२ फेब्रुवारी

वनविभागाच्या साहेबांनी आज सगळ्या गाईडना माहिती केंद्रात बोलावलं होतं. एप्रिलच्या शेवटी अभ्याससहल आहे. आंबोलीला, आणि तिथून खाली समुद्राकाठचं कांदळवन बघायला. प्रत्येक गेटवरून एकच गाईड जाणार. आमच्या गेटवरून कोण, ते मार्चमध्ये ठरेल.

व्याघ्रप्रकल्पाचं हे गेट उघडलं तेव्हापासून मी इथे गाईड आहे. जिप्सीत पुढच्या सीटवर बसून वर्षानुवर्षं तेच सांगत आले. जिथे बारमाही ओल, तिथे सदाहरित जंगल. जिथे चार महिने पाऊस आणि बाकी ऊन, तिथे आमच्यासारखं पानझडी. पाऊस फारच कमी असेल तर काटेरी. खाऱ्या चिखलात कांदळवन. एवढी सगळी जंगलं सांगते आणि त्यातलं पाहिलं आहे एकच, ज्यात जन्मले ते. सदाहरित जंगल मी केंद्राच्या भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, आणि त्या फोटोचा एक कोपरा वाळवीनं खाल्लाय.

मला जायचंय. घरी अजून कोणाजवळ बोलले नाही.

१६ फेब्रुवारी

आज दिव्यानीची आणि माझी जिप्सी एकामागे एक लागल्या. पाणवठ्यावर गाड्या थांबल्या तर तिच्या गाडीतले लोक खळखळून हसत होते. माझ्या गाडीतल्या बाई मान वळवून तिकडेच बघत होत्या. "त्यांची गाईड छान बोलते ना," असं मला म्हणाल्या. मलाच.

दिव्यानी म्हणजे तलावाकाठच्या वारलूभाऊ ढिवराची पोरगी. चिमूरला कॉलेज करून बीएस्सी झाली आणि मागच्या ऑक्टोबरात इथे गाईड म्हणून लागली. सातवीत होती तेव्हा शाळेच्या पोरांबरोबर मीच तिला पहिल्यांदा जंगलात नेलं होतं. आता ती मला सगळ्या पर्यटकांसमोर "काकू, काकू" करते. पर्यटक तिला ताई म्हणतात आणि तिचं ऐकून मला काकू. माझं वय अजून चाळीसही नाही.

परत येताना तिनं गाडी थांबवून विचारलं, "काकू, सहलीले तुम्ही जासान ना?"

माझा अंदाज घेत होती. मी म्हटलं, "साहेब ठरवतीन."

२ मार्च

प्रफुल घरी आलाय. माझा नवरा ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कंत्राटावर आहे, शनिवारी मोटरसायकलनं येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्याला सहलीचं सांगितलं. म्हणाला, "जा ना मंग. तुले कोनं अडवलं?"

"ते दिव्यानी हाय ना."

"ते पोट्टी? ते तं तुह्या मागं मागं फिरत होती लहानपनी."

"आता पुढं पुढं फिरते."

सासूबाई चुलीजवळ बसल्या होत्या, हसल्या. मला आवडलं नाही.

१० मार्च

निवड आज होती. आश्रमशाळेची पोरं केंद्रात आणली होती आणि प्रत्येक गाईडनं त्यांना एकेका जंगलाबद्दल सांगायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. मला सदाहरित आलं. मी मनातून खूश झाले, कारण ते मला तोंडपाठ आहे. भरपूर पाऊस, दमट हवा, उंच झाडं, घनदाट छाया, वर्षभर हिरवीगार, पानं गळत नाहीत. सगळं न अडखळता बोलले. मागच्या रांगेतलं एक पोरगं जांभई देत होतं.

दिव्यानीला पानझडी आलं. म्हणजे दाराबाहेरचंच जंगल. तिनं पोरांना बाहेर काढलं, सागाखाली उभं केलं. साग आता पुरा उघडा आहे, अंगावर एक पान नाही.

"हे झाड मेलं का?" तिनं विचारलं.

"हो," पोरं ओरडली.

"नाई मेलं. उन्हाळ्यात तुमची आई पानी जपून वापरते का नाई? हेबी तेच करते. पानातून पानी उडून जाते. पानं ठेवली तं तहान, टाकली तं जीव वाचते. थो झोपला हाय. पाऊस आला का उठन."

पोरं सागाला हात लावून बघू लागली. एकीनं तर खोडाला कान लावला. साहेब हसत होते.

ते वाक्य माझं आहे. ती सातवीत असताना याच झाडाखाली रडत होती, झाड मेलं म्हणून, तेव्हा मी तिला ते सांगितलं होतं. झोपला हाय, पाऊस आला का उठन. शब्द न् शब्द माझा.

वर ती साहेबांना काय म्हणाली, तर, "हे मले रंजीताकाकूनं शिकवलं, सर. मी लहान होतो तवा." म्हणजे सगळ्यांसमोर मला म्हातारीही करून टाकलं.

१५ मार्च

दिव्यानीचं नाव लागलं.

मी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, मी सरले मनलं होतं, का तुम्हालेच पाठवा. ते ऐकत नाई." असं बोलायला काय जातं? हातात आल्यावर सगळेच उदार असतात.

घरी येऊन भात टाकला आणि तो खाली लागला.

१९ मार्च

मोह पडायला लागला. पहाटे उठून सासूबाई टोपलं घेऊन निघतात. आमचे दोन मोह नाल्यापलीकडे आहेत, त्यातला एक वाकडा. झाडं सरकारी जंगलातली, पण मोह ज्याचा त्याचा. सासूबाईंच्या सासूच्या काळापासून ती दोन झाडं आमच्या घराची आहेत आणि साऱ्या गावाला ते ठाऊक आहे. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही, फुलांचा सडा पडला असला तरी. ढिवरांकडे तलाव आहे, झाड एकही नाही. दिव्यानीची आई सणाला मोह मागायला आमच्याच दारात येते. हे लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

झाडाखालचा पाला जाळायचा नाही, असं यंदा वनविभागानं फार बजावलं आहे. जुनी माणसं पाला जाळून जमीन काळी करतात, म्हणजे पिवळी फुलं लांबून दिसतात आणि वेचायला सोपी जातात. पण तो जाळ पसरला की मैलभर जंगल जातं. म्हणून यंदा घरोघरी हिरव्या जाळ्या वाटल्या. झाडाखाली पसरायच्या आणि फुलं गोळा करायची. आणि नियम केला की गाईडच्या घरचं कोणी पाला जाळताना सापडलं तर त्या गाईडचं कार्ड वर्षभर बंद.

मी सासूबाईंना हे दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, "जाळीत मोह कोंदटते वो. अन् माह्या गुडघ्यानं झाडणं होत नाई."

"मग मी सुट्टीच्या दिवशी झाडून देते. पण जाळायचं नाही."

"नाई जाळत मनलं ना."

२४ मार्च

आज दुपारी वणवा लागला. मी लांबच्या गेटवर फेरीला होते, संध्याकाळी परतले तेव्हा सगळं विझलं होतं. नाल्याच्या बाजूनं बांबूच्या बेटापर्यंत जळालं म्हणतात. वारा पडला म्हणून थांबलं, नाही तर पार टेकडीपर्यंत गेलं असतं.

आणि कोणी लावला? गार्ड धूर बघून पोचला तेव्हा तिथे दिव्यानी होती. पळसाच्या ओल्या डहाळीनं जाळ झोडपत होती, हात काळे, ओढणी एका टोकाला जळालेली. गार्डनं विचारलं, कसं लागलं? ती म्हणाली, "मोहाखालचा पाला जाळला. माह्याच्यानं आवरला नाई."

बीएस्सी झालेली पोरगी. पोरांना झाड झोपलंय सांगते आणि झोपलेल्या झाडाखाली काडी लावते.

मी तिकडे बघायला गेले नाही. जळालेलं बघून करायचं काय?

सासूबाई चादर ओढून पडल्या होत्या. अंगाला धुराचा वास येत होता. चूल धुपली म्हणाल्या. मी ओट्यावर भाकरी थापत होते आणि खरं लिहायचं तर गुणगुणत होते.

२६ मार्च

साहेबांनी मला एकटीला बोलावलं. समोर दिव्यानी उभी होती, उजव्या हाताला पट्टी बांधलेली.

साहेब म्हणाले, "हिनं आग विझवायला जिवाची पर्वा केली नाही, हे गार्डनंच सांगितलंय. मला वाटतं कार्ड महिनाभर बंद करावं, सहल राहू द्यावी. तुम्ही सगळ्यात जुन्या. तुमचं काय मत?"

सगळं माझ्या एका शब्दावर होतं. दिव्यानी माझ्याकडे बघत होती. घाबरलेली दिसत होती, पण ती स्वतःसाठी घाबरलेली वाटेना. जणू मी काहीतरी भलतंच बोलून बसेन अशी तिला धास्ती होती.

मी म्हटलं, "साहेब, नियम सगळ्यांना सारखा."

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मला वाटलं होतं ती रडेल. नाटकी आहे.

कार्ड वर्षभर बंद. सहलीला मी.

३१ मार्च

आनंद व्हायला हवा तसा होत नाही. गावात माणसं विचित्र वागतात. पिठाच्या गिरणीत गिरजाबाई मला म्हणाली, "जाऊन रायली मनते समुद्राले?"

"हो."

"जा बाई, जा. तुह्यासाठी एवढं झालं, तं जाच तू." आणि बाकीच्या बायका पिठाकडे बघत राहिल्या.

लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

५ एप्रिल

सासूबाईंनी तांब्याभर लाखोळीची डाळ आणि वाळवलेला मोह फडक्यात बांधला आणि स्वतः, त्या गुडघ्यांनी, तलावापर्यंत चालत जाऊन दिव्यानीच्या घरी देऊन आल्या. मी विचारलं, "तिच्या घरी कशाला?"

"पोरीचा हात भाजला. पाहून आलो."

माझा पाय मुरगळला होता गेल्या वर्षी, तेव्हा हळद लावायलासुद्धा मलाच उठावं लागलं होतं. साहेब झाले, पर्यटक झाले, आता माझी सासूही तिची.

९ एप्रिल

गोठा झाडताना हिरवी जाळी सापडली, वैरणीमागे कोंबलेली. एक बाजू आकसून, वितळून गोळा झाली आहे. यंदा ऊन तसंच आहे, पण प्लॅस्टिक इतकं लेचंपेचं असेल तर वाटायचंच कशाला? केंद्रात तक्रार करणार होते. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे वो, कायले कोनाच्या तोंडी लागतं."

१३ एप्रिल

प्रफुल आलाय. जेवताना एकदम म्हणाला, "एक सांगू का तुले? रागावशीन नाई ना?"

सासूबाईंना इतका खोकला आला की पाणी द्यावं लागलं. नंतर विचारलं तर म्हणाला, "काई नाई. तिथी थंडी असते मनते. स्वेटर ने."

चंद्रपूरच्या एप्रिलात मी पेटी उघडून स्वेटर शोधला.

१९ एप्रिल

बाजारात दिव्यानी भेटली. हाताची पट्टी सुटली आहे, तळव्याची कातडी गुलाबी, नवी. बापाबरोबर मासळी विकत बसली होती. गेटवर येणारे नेहमीचे ड्रायव्हर तिच्याशी थट्टा करत होते. तिथेही गर्दी तिच्याच टोपल्याभोवती.

मला बघून उठली. "काकू, तिथचे फोटो पाठवजा. कांदळवनाची मुळं चिखलातून वर येते मनते, श्वास घ्याले. थे पाह्याचं होतं मले."

"पाठवीन."

"अन् खरंच पानं गळत नाई का, थे पाहून येजा."

टोमणाच असणार. मी पानं गळत नाहीत असं बोलले होते, ती पुस्तकं वाचलेली. पण तोंडावरून तसं वाटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तिनं बोडीतले, म्हणजे गावच्या लहान तळ्यातले, झिंगे कागदात बांधून दिले, पैसे घेतले नाहीत. "मनकर्णाआजीले आवडते," म्हणाली. सासूबाईंना काय आवडतं हे मला नाही तेवढं हिला माहीत.

२६ एप्रिल, आंबोली

नागपूरहून कोल्हापूर, तिथून बस. आंबोली जवळ आली तशी हवा बदलली. आमच्याकडे या दिवसांत दुपारी दाराची कडी हाताला चटका देते. इथे खिडकीची काच आतून ओलसर. स्वेटर घातला. प्रफुलला फोन करून सांगितलं तर तो नुसता हसला.

उद्या जंगल.

२७ एप्रिल, आंबोली

हे लिहायला बसले आहे. क्रमानं लिहिते.

सकाळी इथल्या एक गाईडबाई आम्हाला ओढ्याकडच्या जंगलात घेऊन गेल्या. आत शिरताच उजेड कमी झाला. आमच्या जंगलात या दिवसांत आभाळ पार खाली उतरलेलं असतं, सगळ्या फांद्या उघड्या. इथे आभाळ शोधावं लागतं. अंजनीच्या खोडालाच निळी फुलं आलेली. जांभळीवर शेवाळ, शेवाळात नेचे, झाडावर झाड. आणि पायाखाली आवाज नाही. आमच्याकडे साधं खारीचं पाऊलही सागाच्या पाल्यावर वाजतं, त्या आवाजावर आम्ही जनावर ओळखतो. इथे पाला मऊ, ओला, चटईसारखा. माझ्याच पायांचा आवाज मला येईना.

पाला. मग मला सुचलं. मी विचारलं, "इथे पानं गळत नाहीत ना, मग हा पाला कुठला?"

बाई हसल्या. "गळतत गो. पण सगळी एकदम नाय. आज एक, उद्या दोन, वर्षभर. झाड कधी उघडा पडणा नाय, म्हणान कोणाक कळणा नाय."

इतकी वर्षं मी चुकीचं सांगत आले. तो प्रश्न टोमणा नव्हता.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे वणवे फार लागतत ना? ते कसे?"

बाकी गेटांचे गाईड गोल करून उभे होते. मी पाठ झालेलं बोलायला लागले. साग आणि तेंदूचा पाला मार्चमध्ये कडकडीत वाळतो. त्याच वेळी मोह पडतो. लोक मोहाखालचा पाला जाळतात. कोण जाळतं? ज्याचं झाड असतं तो. दुसऱ्याच्या झाडाखाली आमच्याकडे कोणी वाकतसुद्धा नाही. ज्याच्याकडे झाड नाही त्याला पाला जाळायचं कारणच...

इथवर बोलले आणि थांबले.

"मग?" बाई म्हणाल्या.

पाणी प्यायचं निमित्त करून ओढ्याकाठी जाऊन बसले. ढिवरांचं झाड नाही. हे मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, वर खूश होऊन. नाल्याची बाजू. धुराचा वास. वितळलेली जाळी, आणि मी उन्हाला दोष देत होते. गिरजाबाई. प्रफुलचं अर्धं वाक्य. साऱ्या गावाला ठाऊक होतं ते झाड कोणाचं, फक्त साहेबांना नव्हतं. आणि मला.

तेव्हाच सासूबाईंसाठी शेजारच्या कुंताला फोन लावला. ती धावत जाऊन त्यांना घेऊन आली. मी एवढंच विचारलं, "वाकडा मोह का?"

त्या म्हणाल्या, "मी थोडासाच पेटवला वो. वारा आला. ते पोरगी सायकलनं जाऊन रायली होती, धावली. मले मनते, आजी तुम्ही घरी जा, कोनाले सांगू नोका, काकूचं कार्ड जाईन. मी मनलं तुहं जाईन ना. तं मनते, माहं मी पाहून घेईन."

"आणि तुम्ही गेलात घरी."

"मले भेव वाटलं."

साहेबांसमोर ती का घाबरली होती ते आता कळलं. मी दिलदारपणा दाखवला असता, चौकशी करा म्हटलं असतं, झाड बघायला चला म्हटलं असतं, तर सगळं उघड झालं असतं. मी तिच्यावर नियम टाकला आणि ती सुटली. माझ्या दुष्टपणावरच तिला भरवसा ठेवावा लागला, आणि मी तो मोडला नाही.

मला तिचे उपकार वाटायला हवेत. वाटतही असतील खाली कुठेतरी. पण ओढ्याकाठी बसून जे आधी वर आलं ते हे, की हेही तिनंच आधी केलं. चांगलं बोलणं तिचं, हसणं तिचं, माझं सागाचं वाक्य तिचं, आणि आता हे एवढं मोठं देणंही तिच्याच नावावर. मला द्यायला तिनं काही ठेवलंच नाही.

२८ एप्रिल, वेंगुर्ल्याजवळ

कांदळवन. ओहोटीला चिखलातून मुळं वर आलेली, शेकड्यांनी, बोटांसारखी. मी फोटो काढले. एकही पाठवला नाही.

तिथूनच साहेबांना फोन केला. "साहेब, नाल्यापलीकडचा वाकडा मोह आमच्या घरचा आहे. पाला माझ्या सासूबाईंनी जाळला. दिव्यानीनं फक्त विझवला. गावात कोणालाही विचारा, झाड कोणाचं."

साहेब म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? सहल संपवून या, मग बघू. पण बाई, नियम..."

"सगळ्यांना सारखा. माहीत आहे, साहेब. तिचं कार्ड मात्र आजच सुरू करा. आता सीझन आहे."

हे मी चांगुलपणानं केलं असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. तिच्यापेक्षा एका पावलानंही मागे राहणं मला जमणार नाही, एवढंच. वर्षभर मी घरी बसेन, मोह मी झाडीन, आणि सासूबाईंच्या हातात आगपेटी दिसली तर बघेन. पर्यटकांना ती आता सांगेल की सदाहरित झाडाची पानं गळतात, आज एक, उद्या दोन. ते मात्र मी पाहून आलेय. तिला ते माझ्याकडूनच ऐकावं लागेल.

दुपारपासून दिव्यानीचा फोन तीनदा येऊन गेला. साहेबांनी सांगितलं असणार. चौथ्यांदा वाजतोय. उचलत नाही. थोडा वेळ तिलाही कळू दे, दुसऱ्यानं आधी दिलं म्हणजे कसं वाटतं.